घर सारखंच पडलं, मग मदत कमी-जास्त का? कॅटरिनानंतरच्या पैशाची पार्श्वभूमी

अमेरिकेत मोठं हरिकेन येऊन गेलं की बातम्यांत एकच गोष्ट फिरते, काँग्रेसने म्हणजे तिथल्या संसदेने इतके अब्ज डॉलर मंजूर केले. पण ते पैसे कुठल्या वस्तीत पोचणार हे ठरतं नंतर, राज्य सरकारच्या ऑफिसात बसून केलेल्या एखाद्या फॉर्म्युल्यात, आणि खरी भांडणं सगळी तिथलीच आहेत.

या पैशाची वाट जुनी आहे. १९७४ च्या कायद्याने केंद्राचं गृहनिर्माण खातं म्हणजे हड शहरांना विकासासाठी अनुदान द्यायला लागलं, पुढे आपत्तीनंतरचा पैसाही त्याच मार्गाने जायला लागला. त्यासाठी कायमचा असा वेगळा कायदा नाही, दर वेळी काँग्रेस नव्याने मंजुरी देते आणि वाटपाचे नियम बरेचसे राज्यावर सोडते. त्यातला मोठा भाग कमी-मध्यम उत्पन्नवाल्यांसाठी खर्च व्हावा अशी मूळ अट, एरवी ७० टक्के, पण २००५ च्या कॅटरिना हरिकेननंतर ती ५० टक्क्यांवर आणली.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना आलं, लुइझियाना राज्यातल्या न्यू ऑर्लिन्सचे बांध फुटले. राज्याने घरमालकांसाठी रोड होम नावाची योजना काढली, जास्तीत जास्त दीड लाख डॉलर. नियम असा की वादळाआधीची घराची किंमत आणि दुरुस्तीचा खर्च, यातलं जे कमी असेल ते धरायचं आणि त्यातून विमा वगैरे आधी मिळालेले पैसे वजा करायचे. ऐकायला सरळ वाटतं ना? आता समजा दोन घरं आहेत, सारख्याच आकाराची, दोन्हींचा दुरुस्ती खर्च दीड लाख, दोघांनाही विम्याचे ३० हजार मिळालेत. एक घर गोऱ्यांच्या वस्तीत, बाजारभाव दोन लाख, त्याला मिळणार १ लाख २० हजार. दुसरं लोअर नाइन्थ वॉर्डसारख्या कृष्णवर्णीय वस्तीत, भाव ६० हजार, त्याला मिळणार फक्त ३० हजार. लाकूड, सिमेंट, मिस्त्रीची मजुरी दोघांना एकाच भावात, मग उरलेलं घर बांधायचं कशाने? आणि त्या वस्तीतला भाव कमी का, तर १९३० च्या दशकापासून अशा भागांवर नकाशात लाल शिक्का मारून कर्ज नाकारलं गेलं होतं म्हणून. फॉर्म्युल्यात वंश हा शब्द कुठेच नव्हता, तरी जुना अन्याय बाजारभावातून आत शिरलाच, आणि मला तरी हा सगळ्यात चीड आणणारा भाग वाटतो.

२००८ मध्ये काही घरमालक आणि फेअर हाउसिंगवाल्या म्हणजे घरांबाबतच्या भेदभावाविरुद्ध लढणाऱ्या संस्था या फॉर्म्युल्याविरुद्ध कोर्टात गेल्या. तडजोड झाली २०११ मध्ये, सुमारे ६.२ कोटी डॉलर जास्तीचे मिळाले, पण तोवर सहा वर्षं गेलेली, कित्येक लोक दुसऱ्या शहरात कायमचे राहायला गेलेले.

शेजारच्या मिसिसिपीत तर घरांसाठीच्या पैशातले जवळपास ६० कोटी डॉलर गल्फपोर्ट बंदराच्या विस्ताराकडे वळवले, तिथेही केस झाली तेव्हा कुठे २०१० मध्ये गरिबांच्या घरांसाठी सुमारे १३ कोटी निघाले.

एवढं होऊनही टेक्सासात तेच. २०१७ च्या हार्वी हरिकेननंतर पूर रोखायच्या कामांचा पैसा वाटताना मार्कांची पद्धत अशी ठेवली की प्रकल्पाचा फायदा होणारे लोक भागिले त्या शहराची एकूण लोकसंख्या, म्हणजे छोटं गाव पुढे आणि ह्यूस्टनसारखं २० लाखांचं शहर आपोआप मागे. २०२१ ला पहिल्या सुमारे १ अब्ज डॉलरमधून ह्यूस्टनला शून्य. २०२२ मध्ये हडने निष्कर्ष काढला की यात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकांशी भेदभाव झाला, राज्याला ते अर्थातच मान्य नव्हतं.

रोड होमचं प्रकरणही २०११ ला संपलं नाही. पुरापासून वाचावं म्हणून घर उंच करायला वेगळे ३० हजारापर्यंत दिले होते, मूळ रक्कम पुरत नव्हती म्हणून अनेकांनी ते दुरुस्तीत घातले, काहींचं म्हणणं की आम्हाला तसंच सांगितलं होतं, आणि मग राज्यानेच साधारण साडेतीन हजार घरमालकांवर वसुलीचे दावे लावले. ते दावे हड आणि लुइझियानाने मागे घेतले फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे वादळानंतर सतरा वर्षांनी.