साडेबारा टक्के आले कुठून?

इतिहास घडवणाऱ्या कागदपत्रांत इंग्लंडच्या राजाने 1215 मध्ये दिलेली सनद हमखास मोजली जाते. कायदेशीर निवाड्याशिवाय स्वतंत्र माणसाची जमीन हिरावणार नाही, अशी कबुली तिच्यात आहे. ज्यांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, त्या दिघ्यापासून उरणपर्यंतच्या आगरी-कोळी गावांचं नशीब मात्र दुसऱ्याच कागदाने ठरवलं. तो म्हणजे 1894 चा भूसंपादन कायदा. 'सार्वजनिक प्रयोजन' म्हटलं की जमीन घेता येई. मालकाने हरकत घ्यायची सोय त्यात 1923 मध्ये आली.

फेब्रुवारी 1970 मध्ये 86 गावांसाठी कलम 4 ची, म्हणजे जमीन घेण्याचा सरकारचा इरादा जाहीर करणारी अधिसूचना निघाली. ऑगस्ट 1973 मध्ये आणखी 9 गावांची भर पडली. नवं शहर वसवणारं महामंडळ, सिडको, स्थापन झालं ते मार्च 1970 मध्ये, म्हणजे पहिल्या अधिसूचनेनंतर.

खरी मेख दरात होती. मोबदला ठरे तो कलम 4 च्या तारखेच्या बाजारभावाने, मोबदल्याचा निवाडा कितीही उशिरा होवो. 1984 च्या दुरुस्तीने निवाड्याला दोन वर्षांची मुदत घातली. त्यामुळे जुनी प्रकरणं सप्टेंबर 1986 पर्यंत उरकणं सरकारला भाग पडलं. सोळा वर्षं रखडलेल्या निवाड्यातही मूळ भाव 1970 चाच धरला गेला. सक्तीने जमीन घेतल्याबद्दल भावावर जादा मिळणारी दिलासा रक्कम 15 वरून 30 टक्के झाली, पण तीही त्याच भावावर.

त्याआधी, जानेवारी 1984 मध्ये, याच भूसंपादनावरून उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्यांना अभिवादन होतं. जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचा शासन निर्णय मार्च 1990 मध्ये निघाला आणि 1994 मध्ये त्यात सुधारणा झाली. जमीन गेल्यावर वीस वर्षांनी मिळालेल्या या गोष्टीला सवलत म्हणणं मला पटत नाही. ती थकबाकी होती.

आता हा आकडा. साडेबारा टक्के कशाचे, यावर अजून गल्लत होते. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड, असा त्याचा अर्थ. एकराला पाच गुंठे. त्यातले 30 टक्के सामाजिक सुविधांसाठी वजा होतात आणि हाती साडेतीन गुंठे उरतात. म्हणजे कागदावर साडेबारा, प्रत्यक्षात पावणेनऊ. तेही मालकीने नव्हे, तर 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने. ज्याच्या सातबाऱ्यावर बापजाद्यांचं नाव होतं, तो स्वतःच्याच गावात पट्टेदार झाला. खाडीत मासेमारी करणाऱ्याचं किंवा मिठागरात राबणाऱ्याचं तर सातबाऱ्यावर नावच नव्हतं. जमीनच नाही, मग टक्के कशाचे काढणार? माझ्या मते या योजनेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच, आणि बोललं जातं ते सगळ्यात कमी त्याच्याबद्दल.

विमानतळासाठी पनवेल तालुक्यातल्या गावांशी वाटाघाटी झाल्या, तेव्हा रोख मोबदल्याऐवजी साडेबावीस टक्क्यांवर तडजोड झाली. साडेबाराच्या जोडीला आणखी दहा. 1894 चा कायदा 1 जानेवारी 2014 पासून रद्द झाला. नव्या कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के बाधित कुटुंबांची संमती सक्तीची केली, आणि भूमिहीन पण त्या जमिनीवर पोट असलेल्यांनाही बाधित मानलं. तोवर नवी मुंबईतले बहुतेक निवाडे होऊन गेले होते.