जखम भरू नये म्हणून

जखम जितकी लवकर भरेल तितकं ऑपरेशन चांगलं, असं आपण सगळेच मानतो. मोतीबिंदूच्या बाबतीत ते खरंही आहे. पण काचबिंदूच्या ऑपरेशनलाही हाच नियम लावला जातो आणि तिथे तो साफ उलटा पडतो. ट्रॅबेक्युलेक्टोमी ही काचबिंदूची प्रमाण मानली जाणारी शस्त्रक्रिया. तिच्यात डॉक्टर डोळ्याला एक बारीक छिद्र पाडतात आणि ते कायम उघडं राहावं म्हणून धडपडतात. शरीराला हे पटत नाही. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच त्याला कळतं. हे ऑपरेशन फसण्याचं सर्वांत मोठं कारण कोणाचा हलगर्जीपणा नव्हे. शरीर आपलं नेहमीचं काम चोख करतं, हेच ते कारण.

छिद्र पाडायचं कशाला? डोळ्याच्या पुढच्या भागात मिनिटाला साधारण २ ते २.५ मायक्रोलिटर स्वच्छ द्रव तयार होत असतो. तो भिंगाला आणि कॉर्नियाला पोषण देतो आणि कोपऱ्यातल्या बारीक जाळीतून गाळला जाऊन रक्तात परत जातो. जाळीतली वाट अडली की दाब चढतो. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका मानतात. दाब चढा राहिला तर दृष्टिचेतेतले, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले, तंतू हळूहळू मरत जातात. आधी बाजूचं दिसणं कमी होतं, तेही इतक्या सावकाश की माणसाच्या ध्यानात येत नाही. भारतात चाळिशीपुढच्या एक कोटीहून अधिक लोकांना काचबिंदू असल्याचा अंदाज आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

मेलेले तंतू पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे या ऑपरेशननंतर नजर वाढत नाही. उरलेली राखणं हाच त्याचा हेतू. शेजारच्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लख्ख दिसायला लागलं, मग आम्हाला का नाही, असं पेशंट विचारतात. त्यांना हे आधीच सांगायला हवं आणि नीट समजेपर्यंत सांगायला हवं.

केंब्रिजच्या जे. ई. केर्न्स यांनी १९६८ साली ट्रॅबेक्युलेक्टोमीचं वर्णन प्रसिद्ध केलं. पांढऱ्या भागात, म्हणजे श्वेतपटलात, अर्ध्या जाडीची एक झडप उचलायची, तिच्याखाली जाळीचा तुकडा कापून काढायचा आणि झडप टाके घालून बसवायची. द्रव जाळीमागच्या नैसर्गिक नलिकेच्या कापलेल्या तोंडांत शिरेल, अशी त्यांची कल्पना होती. प्रत्यक्षात तो झडपेच्या कडांमधून झिरपतो आणि वरच्या पारदर्शक पातळ आवरणाखाली साठतो. वरच्या पापणीआड एक उथळ फुगीर जागा तयार होते. तिला ब्लेब म्हणतात. या ब्लेबमधून द्रव शोषला जातो आणि दाब उतरतो. म्हणजे ऑपरेशनचं सगळं भवितव्य या ब्लेबवर ठरतं.

आणि नेमकी हीच जागा शरीर बुजवायला घेतं. कापल्याबरोबर रक्तातली प्रथिनं पाझरतात, दाहपेशी येतात, टीजीएफ-बीटा नावाचं प्रथिन इशारे देऊ लागतं. ते इशारे मिळाले की आवरणाखालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी जाग्या होतात, दुपटीने वाढत जातात आणि कोलॅजनचे धागे सोडतात. त्यांतल्या काही पेशी स्नायूसारख्या आकुंचन पावून सगळं घट्ट आवळतात. काही आठवड्यांत झडप चिकटते आणि दाब पुन्हा चढतो. तरुणांमध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांमध्ये आणि आधी डोळ्यावर शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये हा धोका जास्त. वर्षानुवर्षं प्रेशरचे ड्रॉप्स घातलेल्यांचं आवरणही, विशेषतः ड्रॉप्स टिकावेत म्हणून घातलेल्या रसायनामुळे, आधीच चिडलेलं असतं.

इथे येतं माझं आवडतं औषध, मायटोमायसिन-सी. १९५० च्या दशकात जपानी संशोधकांनी ते मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जीवाणूपासून मिळवलं. रंगाने जांभळं आणि काम कॅन्सरच्या पेशी मारण्याचं. १९८३ साली तैवानच्या चेन यांनी ते काचबिंदूच्या ऑपरेशनमध्ये वापरल्याचं मांडलं. पुढच्याच वर्षी मायामीतल्या डॉक्टरांनी फायब्रोब्लास्ट रोखण्यासाठी फ्लुरोयुरॅसिल हे दुसरं कॅन्सरविरोधी औषध वापरल्याचे निष्कर्ष दिले. ते इंजेक्शनने, ऑपरेशननंतर पुन्हा पुन्हा द्यावं लागे. मायटोमायसिन मात्र ऑपरेशन चालू असताना एकदाच देतात. मिलिलिटरला ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम इतक्या द्रावणात स्पंजचे तुकडे भिजवायचे, आवरणाखाली एक ते पाच मिनिटं ठेवायचे, काढायचे आणि भरपूर सलाइनने धुवायचं. हे सगळं छिद्र पाडण्याआधी, कारण औषध डोळ्याच्या आत गेलं तर कॉर्नियाच्या पेशींना घातक ठरतं.

काही मिनिटांचा स्पर्श वर्षानुवर्षं पुरतो कसा? याचं उत्तर रेणूच्या रचनेत आहे. बाटलीतला मायटोमायसिन डीएनएला फारसा काही करत नाही. पेशीत शिरल्यावर तिथली क्षपणकारी एन्झाइम्स त्याच्या क्विनोन वलयाला इलेक्ट्रॉन देतात. मग रेणूतून मिथेनॉल सुटतं, अझिरिडीन हे तीन अणूंचं ताणलेलं वलय उघडतं आणि तिथला कार्बन डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकाला, ग्वानिनला, जोडला जातो. एवढ्यावर थांबला असता तर पेशीने तो तुकडा कापून दुरुस्ती केली असती. पण या रेणूला दुसरं टोकही आहे. तिथला कार्बामेट गट गळतो आणि ते टोक समोरच्या धाग्यावरचं ग्वानिन पकडतं. एका धाग्यावर सायटोसिन या दुसऱ्या अक्षरापुढे ग्वानिन असेल तर समोरच्या धाग्यावरही, उलट दिशेने वाचलं की, तोच क्रम येतो. दोन ग्वानिन शेजारी-शेजारी येतात आणि त्यांच्यातलं अंतर या रेणूच्या मापाचं असतं. डीएनएचे दोन धागे असे एकमेकांना बांधले गेले की ते उलगडत नाहीत, आणि उलगडल्याशिवाय त्यांची नक्कल होत नाही. अशी पेशी जिवंत राहिली तरी तिचं विभाजन थांबतं. फ्लुरोयुरॅसिल मुख्यतः डीएनए बनवत असलेल्या पेशींनाच गाठतं. मायटोमायसिनचा फास मात्र पेशी कोणत्याही टप्प्यात असो, बसतो.

औषध किती ताकदीचं द्यायचं, याइतकंच कुठे आणि किती पसरून द्यायचं हेही महत्त्वाचं, हे लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या पेंग खॉ यांच्या गटाने दाखवलं. लहानशा जागेत औषध लावलं तर तिथली ऊती निर्जीव, पातळ होते आणि भोवतालच्या निरोगी पेशी तिच्याभोवती व्रणाचं कडं उभं करतात. डॉक्टर त्याला पोलादी कडं म्हणतात. द्रव आत कोंडतो, ब्लेब काचेसारखा पातळ होतो, गळतो, त्यात जंतुसंसर्ग होतो. औषध मोठ्या जागेवर पसरून लावलं की ब्लेब उथळ आणि ऐसपैस बनतो. प्रमाण चुकून जास्त झालं तर उलट संकट येतं: दाब इतका उतरतो की पडदा सुरकुततो आणि नजर धूसर होते.

उपयोग किती होतो? ब्रिटनमधल्या २७ केंद्रांवर ४५३ जणांचा अभ्यास झाला. निदानाच्या वेळीच काचबिंदू बराच पुढे गेलेला होता असे हे पेशंट. दोन वर्षांनी, मायटोमायसिनसह ट्रॅबेक्युलेक्टोमी झालेल्यांचा सरासरी दाब १२.४ मिलिमीटर होता, तर आधी फक्त ड्रॉप्सवर ठेवलेल्यांचा १५.१. पुढे गेलेल्या काचबिंदूत एवढा फरक मोलाचा असतो.

‘टाका नाही, चिरा नाही’ अशा जाहिरातींमधून नव्या सूक्ष्म नळ्यांचा गाजावाजा होतो. त्यांतल्या ज्या नळ्या द्रव आवरणाखाली सोडतात, झेन आणि प्रिझर्फ्लोसारख्या, त्यांच्यासोबतही सहसा मायटोमायसिनच वापरतात. नळी बदलली तरी फायब्रोब्लास्ट तेच आहेत. टीजीएफ-बीटाला थेट अडवणारं प्रतिपिंड मोठ्या चाचणीत निरुपयोगी ठरलं, त्यामुळे आजही भिस्त याच जुन्या जांभळ्या रेणूवर आहे.

डोळ्यात मध किंवा कांद्याचा रस घालून पाणी काढलं की प्रेशर उतरतं, हा सल्ला मोबाइलवर अजूनही फिरतो. अश्रू डोळ्याच्या बाहेर तयार होतात. दाब ठरवणारा द्रव आत असतो. अश्रूंचा पूर आला तरी आतला दाब त्यामुळे उतरत नाही. ब्लेब असलेल्या डोळ्यात असं काही घालणं तर धडधडीत धोक्याचं आहे, कारण तिथे बाहेरचे जंतू आणि डोळ्याचा आतला भाग यांच्यामध्ये एक पातळ पापुद्रा तेवढा उरलेला असतो.

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे निर्णायक. डोळा दुखत नाही, लाली गेली, मग कशाला जायचं, असं म्हणून लोक तपासणी टाळतात. व्रण मात्र त्याच दिवसांत घट्ट होत असतो. याच काळात डॉक्टर लेझरने झडपेचा टाका सैल करू शकतात, बारीक सुईने व्रणाचे धागे सोडवून फ्लुरोयुरॅसिल टोचू शकतात, स्टेरॉइड ड्रॉप्स वाढवू शकतात. एकदा व्रण पक्का झाला की हे उपाय थिटे पडतात. मायटोमायसिनने पातळ झालेल्या ब्लेबमध्ये जंतुसंसर्ग कित्येक वर्षांनीही होऊ शकतो. ऑपरेशन झालेला डोळा लाल झाला, दुखू लागला, चिपडं आलं किंवा अचानक अंधुक दिसलं, तर मेडिकलवाल्याकडून ड्रॉप्स आणून वाट पाहू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं आणि काचबिंदूचं ऑपरेशन झालंय हे गेल्या गेल्या सांगावं.