सशांवरील पायरोजेन चाचणी

शिरेतून द्यायचे सलाइन, इंजेक्शन किंवा लस यांत ताप आणणारे पदार्थ, म्हणजे पायरोजेन, आहेत का हे जिवंत सशाचे तापमान मोजून ठरवण्याची पद्धत. वैद्यकातील प्राणिवापर कितपत भरवशाचा आणि कितपत समर्थनीय, हे दोन्ही प्रश्न या एका चाचणीत एकत्र दिसतात.

पूर्वी सलाइन लावल्यावर रुग्णाला हुडहुडी भरून ताप चढत असे आणि दोष औषधाला दिला जाई. खरा दोष ऊर्ध्वपातित पाण्यात वाढलेल्या जिवाणूंच्या अवशेषांचा आहे, हे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स सायबर्ट यांनी १९२३ मध्ये दाखवले. यांतला मुख्य पदार्थ म्हणजे ग्राम-ऋण या गटातल्या जिवाणूंच्या बाह्य आवरणातले एंडोटॉक्सिन. दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, म्हणजे ऑटोक्लेव्हमध्ये, जिवाणू मरतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकते. काचेच्या बाटल्यांवरून ते घालवायला २५० अंश सेल्सिअसची कोरडी उष्णता सुमारे अर्धा तास द्यावी लागते. त्यामुळे निर्जंतुक औषध पायरोजेनमुक्त असेलच असे नाही. औषधांच्या दर्जाचे अधिकृत नियम देणाऱ्या अमेरिकी औषधकोशाने १९४२ मध्ये सशांची चाचणी स्वीकारली.

त्या औषधकोशाच्या पद्धतीनुसार तीन निरोगी ससे मान सैलसर अडकेल अशा खोक्यांत बसवतात. चाचणी चालू असताना त्यांना खाणे देत नाहीत. तापमापक गुदद्वारातून किमान ७.५ सेंमी. आत सरकवतात. मूळ तापमान ३९.८ अंशांच्या वर असलेला ससा वापरत नाहीत, आणि गटातल्या सशांच्या तापमानात एका अंशाहून अधिक फरक चालत नाही. ३७ अंशांपर्यंत कोमट केलेले औषध, वेगळी सूचना नसल्यास वजनाच्या दर किलोला १० मिली., कानाच्या कडेच्या शिरेतून दहा मिनिटांच्या आत देतात. पुढे पहिल्या तासापासून तिसऱ्या तासापर्यंत दर अर्ध्या तासाला नोंद होते. एकाही सशाचे तापमान ०.५ अंश किंवा अधिक वाढले नाही तर औषध उत्तीर्ण. तसे वाढले तर आणखी पाच ससे घेतात. मग आठांपैकी तिनांहून अधिकांत अशी वाढ नसावी आणि आठांच्या वाढीची बेरीज ३.३ अंशांपुढे जाऊ नये.

चुका बहुधा हाताळणीतून होतात. नवखा ससा खोक्यात घाबरतो, धडपडतो आणि औषधाशिवायच त्याचे तापमान हलते. म्हणून आधी खोट्या चाचणीने त्याला सवय लावतात. तोच ससा पुन्हापुन्हा वापरला जातो आणि एंडोटॉक्सिन एकदा मिळाले की काही काळ त्याची प्रतिक्रिया मंदावते. त्यामुळे दोन चाचण्यांत किमान ४८ तास, आणि ताप चढलेल्या सशाला दोन आठवडे विश्रांती सक्तीची आहे. हा नियम मोडला तर दूषित औषधही निर्दोष ठरू शकते. ताप उतरवणारी किंवा भूल देणारी औषधे या पद्धतीने तपासताच येत नाहीत, कारण ती तापमानच बदलतात.

तरीही ही चाचणी कुचकामी होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दर किलोला किती एंडोटॉक्सिनवर ताप सुरू होतो, याची पातळी ससा आणि माणूस यांत जवळजवळ सारखी आहे. प्राणी आणि माणूस यांच्यात इतका मेळ क्वचितच सापडतो. आजची शिरेतल्या औषधांसाठीची मर्यादा, ताशी दर किलोला पाच एंडोटॉक्सिन एकके, याच तुलनेवर उभी आहे. सर्पदंशावरच्या प्रतिविषाचा विचार केला की हे किती महत्त्वाचे ते कळते. घोड्यांच्या रक्तापासून बनणारे हे औषध, जे मुंबईच्या हाफकिन संस्थेतही बनत आले आहे, सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या म्हणजे १०० मिली.पर्यंत द्यावे लागते. प्रत्येक कुपीतला थोडासा दोषही बेरजेत मोठा होतो, आणि थंडी वाजून येणारा ताप ही प्रतिविषाची डॉक्टरांना परिचित असलेली प्रतिक्रिया आहे.

ससा सहसा या चाचणीत मरत नाही, म्हणून तिला सौम्य म्हटले जाते. हे म्हणणे अपुरे आहे: तासन्‌तास जखडून बसणे त्याच्या आयुष्यात कितीतरी वेळा येते. भारतातील १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार शक्य तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळायचे आहेत. मात्र मोठ्या प्राण्यांऐवजी लहान प्राणी वापरा असे सांगताना हाच कायदा सशाचे नाव घेतो.

पहिला पर्यायही प्राण्यातूनच आला. अमेरिकी संशोधक फ्रेडरिक बँग यांना १९५६ मध्ये आढळले की हॉर्सशू क्रॅब (लिम्युलस) या कवचधारी समुद्री प्राण्याचे निळसर रक्त ग्राम-ऋण जिवाणूंमुळे गोठते. त्यातून लिम्युलस चाचणी घडली. ससा फक्त ताप आला की नाही एवढेच सांगतो. ही चाचणी एंडोटॉक्सिन मोजून देते. पण त्यासाठी समुद्रातून प्राणी पकडून त्यांचे रक्त काढतात, आणि परत सोडल्यावर त्यांतले काही मरतात. शिवाय बुरशीतल्या ग्लुकॅनमुळे ती खोटा होकार देऊ शकते, पॉलिसॉर्बेट हा मिश्रण स्थिर ठेवणारा पदार्थ असलेल्या काही जैवऔषधांत एंडोटॉक्सिन तिच्यापासून लपते, आणि इतर पायरोजेन तिला दिसतच नाहीत.

ही शेवटची उणीव मोनोसाइट चाचणी भरून काढते. माणसाच्या रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशी औषधासोबत रात्रभर ठेवून त्यांनी सोडलेले इंटरल्युकिन-६ सारखे ताप चढवणारे संदेशरेणू मोजतात. मात्र प्रत्येक औषधासाठी ती स्वतंत्रपणे पडताळावी लागते: मुद्दाम मिसळलेल्या एंडोटॉक्सिनपैकी ५० ते २०० टक्के परत मोजले गेले तरच ती ग्राह्य धरतात. केवळ एंडोटॉक्सिनसाठी हॉर्सशू क्रॅबच्या जनुकापासून प्रयोगशाळेत बनवलेले फॅक्टर सी हे एंडोटॉक्सिन ओळखणारे प्रथिन पुरते. त्यासाठी रक्त काढावे लागत नाही. युरोपीय औषधकोशाने २०१० मध्ये मोनोसाइट चाचणी स्वीकारली होती. औषधांच्या नोंदींतून ससा वगळायला मात्र जुलै २०२५ उजाडला.