माद्रिद–इस्तंबूल: वाऱ्याचा हिशेब

समजा, हिवाळ्यात दुपारी बाराला माद्रिदहून निघालेले विमान सव्वासहाच्या सुमारास इस्तंबूलला पोहोचते आणि तिथून बारालाच निघालेले परतीचे विमान दुपारी दोन चाळीसला माद्रिदला उतरते. तिकिटावर असे काही दिसले, की ‘पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेचे गाव आपणहून जवळ येते’ हा जुना समज पुन्हा डोके वर काढतो. प्रत्यक्षात माद्रिदची घड्याळे तेव्हा दोन तास मागे असतात (उन्हाळ्यात एकच तास, कारण तुर्कस्तानने २०१६ पासून ती मागेपुढे करणे सोडून दिले आहे). हा फरक लक्षात घेतला, तर जाताना सव्वाचार तास लागतात आणि येताना चार तास चाळीस मिनिटे. त्या समजात तथ्य असते, तर या अक्षांशावर ताशी सुमारे १,२६० किलोमीटरने सरकणाऱ्या जमिनीवर विमानाने नुसते सव्वादोन तास अधांतरी थांबले तरी पुरले असते. पण पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतूनच उडते.

दोन्ही शहरे ४० ते ४१ उत्तर अक्षांशांवर आहेत. सर्वांत जवळचा मार्ग मात्र अक्षांशाच्या रेषेला धरून जात नाही, तर मध्यावर शंभरहून अधिक किलोमीटर उत्तरेकडे झुकतो आणि सुमारे २,७४० किलोमीटर भरतो. या वळणाने वाचतात जेमतेम वीस किलोमीटर.

खरी गंमत वाऱ्यात आहे. उष्ण कटिबंध आणि ध्रुवप्रदेश यांच्या तापमानांतील तफावत आणि पृथ्वीचे परिवलन यांमुळे दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्याचा अरुंद पट्टा, वाहतो. हिवाळ्यात त्याला अधिक जोर असतो. विमानाचा हवेतील वेग ताशी ८४० आणि वारा ताशी ७० किलोमीटर धरू. चढ-उतार आणि धावपट्टीवरचा वेळ सोडला, तर जाताना ३ तास १ मिनिट आणि येताना ३ तास ३३ मिनिटे लागतात. जाताना कमावलेले येताना गमावले आणि हिशेब चुकता झाला, असे वाटेल. पण वारा नसता, तर दोन्ही फेऱ्या मिळून ६ तास ३१ मिनिटांत झाल्या असत्या. इथे तीन मिनिटे जास्त गेली, कारण विमान उलट्या वाऱ्यात अधिक काळ राहते. वारा दुप्पट, म्हणजे १४० झाला, की हा तोटा दुप्पट न होता जवळजवळ चौपट, सुमारे अकरा मिनिटे होतो. तो साधारणपणे वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचलेल्या विमानाने ध्वनीचा वेग ओलांडल्याची हाकाटी झाली, तीही जमीन आणि हवा यांच्या याच घोटाळ्यातून: ताशी १,३०० किलोमीटरचा तो वेग जमिनीच्या सापेक्ष होता, हवेच्या नव्हे.

उलट्या वाऱ्याचा तोटा असा झपाट्याने वाढतो, म्हणून इस्तंबूलहून पश्चिमेकडे येणाऱ्या विमानाचा मार्ग आखताना अंतर वाढले तरी प्रवाहाचा गाभा टाळणे परवडते. १२० किलोमीटरचा वळसा घेऊन समोरचा वारा १४० वरून ७० वर आला, तर ३ तास ५५ मिनिटांचे उड्डाण ३ तास ४३ मिनिटांत संपते.