आरोपीच्या बाजूने: राम जेठमलानी

8 सप्टेंबर 2019 रोजी, 96वा वाढदिवस आठवड्यावर आला असताना, राम जेठमलानी गेले. फौजदारी वकील म्हटलं की आजही अनेकांच्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं. आणि त्यांच्यावरचा रागही जन्मभर एकाच गोष्टीचा राहिला: असल्या माणसाचं वकीलपत्र घेतलंच कसं?

जन्म सिंधमधल्या शिकारपूरचा. 17व्या वर्षी कायद्याची पदवी. सनदेसाठी तेव्हा वय 21 लागे. त्यांच्यासाठी ती अट शिथिल झाली. कराचीत वकिलीचा जम बसत होता, तोच फाळणी झाली आणि 1948 मध्ये ते निर्वासित म्हणून मुंबईत आले. निर्वासितांना जाचक ठरणाऱ्या मुंबई सरकारच्या कायद्याला हायकोर्टात आव्हान देणं, ही त्यांची इथली सुरुवातीची लढाई.

नाव झालं ते 1959 च्या नानावटी खटल्याने. इथे मात्र ते आरोपीच्या बाजूला नव्हते. नौदल अधिकारी कावस नानावटींच्या गोळ्यांनी मेलेल्या प्रेम आहुजाच्या बहिणीने त्यांना खटल्यावर लक्ष ठेवायला नेमलं होतं. सगळी मुंबई नानावटींसाठी हळहळत होती. ज्यूरीनेही 8 विरुद्ध 1 मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना तो कौल पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप झाली. लोकांची सहानुभूती एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे, हे जेठमलानींनी तरुणपणीच जवळून पाहिलं. पुढे तस्करांचे खटले लढवले म्हणून झालेली टीका त्यांनी अंगाला लावून घेतली नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

खरी कसोटी इंदिरा गांधी हत्या खटल्याची. देश सुन्न असताना त्यांनी केहर सिंग आणि बलबीर सिंग यांची बाजू घेतली. बलबीर सिंग दिल्ली पोलिसांतले फौजदार, नेमणूक पंतप्रधानांच्या निवासस्थानी. त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा म्हणजे एक कागद. 3 डिसेंबर 1984 ला नजफगढच्या बस स्टँडवर अटक केली तेव्हा तो त्यांच्याजवळ सापडला, असं पोलिसांचं म्हणणं. त्यावर तारखा आणि त्रोटक नोंदी. खालच्या कोर्टाने फाशी दिली, दिल्ली हायकोर्टाने कायम केली. सर्वोच्च न्यायालयात मात्र तो कागद टिकला नाही. पोलिसांनी आधीच चौकशीला नेलेला माणूस असा कागद जवळ बाळगून स्टँडवर कशाला फिरेल? अटकेची ती हकिकत न्यायमूर्तींना पटली नाही, आणि त्या नोंदींतून कटातला सहभागही सिद्ध होईना. ऑगस्ट 1988 मध्ये बलबीर सिंग निर्दोष सुटले. वकील उभाच राहिला नसता, तर त्या कागदावर एक माणूस फासावर गेला असता.

केहर सिंगांना वाचवणं जमलं नाही. 6 जानेवारी 1989 ला त्यांना तिहारमध्ये फाशी झाली. त्यांच्याविरुद्धचा पुरावा अपुरा होता, हे जेठमलानी त्यानंतरही जाहीरपणे सांगत राहिले.