लाकडाच्या चिपा मातीतलं नत्र खातात?

बुंध्याभोवती लाकडाच्या चिपा पसरल्या की मातीतलं नत्र (नायट्रोजन) संपतं आणि पानं पिवळी पडतात, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धवट आहे. लाकूड कुजवणारी बुरशी नत्र ओढते खरी, पण थर वरच राहिला तर तो परिणाम मातीला टेकलेल्या पातळ पदरापुरताच. कुदळीने चिपा मातीत कालवल्या, की मग मुळांच्या वाट्याचं नत्र अडकतं. लाकूड कापायच्या गिरणीतला बारीक भुसा कालवणं तर त्याहून वाईट.

गोव्यात आंब्या-चिकूला पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात, जांभ्या जमिनीत ओल असतानाच 3 ते 4 इंचांचा थर द्या. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. नाहीतर ओलीने साल कुजते आणि वाळवी चढली तरी दिसत नाही. मिरचीच्या कोवळ्या रोपांना सुकं गवतच बरं.