थेंब उभा राहिला तर रॅप टिकणार नाही

गाडी धुतल्यावर बॉनेटवर पाण्याचे टपोरे थेंब उभे राहिले की गाडी एकदम चकाचक झाली, असा समज सगळीकडे आहे. व्हिनाइल रॅप, म्हणजे गाडीच्या रंगावर चिकटवायची प्लास्टिकची पातळ रंगीत फिल्म, करायचा असेल तर मात्र हेच थेंब धोक्याची खूण आहेत. रंगावर वॅक्स, सिलिकोन किंवा सिरॅमिक कोटिंगचा थर असला की पाणी अळवावरच्या पाण्यासारखं गोळा होतं. आणि हा थर पाण्याला जसा टाळतो, तसाच रॅपच्या चिकटद्रव्यालाही टाळतो.

असं का होतं, हे जरा खोलात जाऊन बघण्यासारखं आहे. घन पदार्थाच्या आतल्या रेणूला चारही बाजूंनी शेजारी खेचत असतात. पृष्ठभागावरच्या रेणूला बाहेरच्या बाजूला शेजारीच नसतो, त्यामुळे त्याची ओढ शिल्लक राहते. या शिल्लक ओढीचं माप म्हणजे पृष्ठऊर्जा. द्रवाच्या बाबतीत आपण तिला पृष्ठताण म्हणतो. पाण्याचा पृष्ठताण सुमारे 72 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. गाडीच्या रंगावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची, पृष्ठऊर्जा ढोबळमानाने 40च्या आसपास, तर सिलिकोनची जेमतेम 20-22. सिलिकोनच्या लांब रेणूवरचे मिथाइल गट (कार्बन-हायड्रोजनचे छोटे पुंजके) बाहेरच्या बाजूला तोंड करून बसतात आणि त्यांना इतर रेणूंचं फारसं आकर्षण नसतं.

थेंबाच्या कडेला तीन ताणांची रस्सीखेच चालू असते: घन-हवा, घन-द्रव आणि द्रव-हवा. थॉमस यंग यांनी 1805 साली या तिघांचा हिशेब मांडला. घन-हवा ताणातून घन-द्रव ताण वजा करा आणि उरलेल्याला द्रवाच्या पृष्ठताणाने भागा, की थेंबाच्या स्पर्शकोनाची, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते त्याची, कोसाइन मिळते. कोन लहान असेल तर द्रव पसरतो, मोठा असेल तर गोळा होतो.

रॅपचं अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्य हे खरं तर अतिशय घट्ट, संथ वाहणारं द्रवच आहे. स्क्वीजीने (फिल्म दाबून बसवायच्या पट्टीने) दाबल्यावर ते रंगाच्या बारीक खाचांत शिरतं आणि पुढचे कित्येक तास शिरत राहतं. त्याची पकड मुख्यतः व्हॅन डर वाल्स बलांवर, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणावर, असते आणि ही बलं काही नॅनोमीटरच्या पुढे जवळपास संपतात. मध्ये वॅक्सचा नुसता डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा असला, तरी चिकटद्रव्य त्या पापुद्र्याला चिकटतं आणि पापुद्रा रंगावरून सुटतो.

‘नॅनो’ नावाने विकली जाणारी चकाकीची द्रव्यं नेमका असाच थर मागे ठेवतात. दसऱ्याला बॉनेटवर तेलात कालवलेल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं असेल, तर तिथलं तेलही आधी काढावं लागेल.

तयारीचा क्रम या विज्ञानातूनच ठरतो. आधी वॅक्स नसलेल्या शाम्पूने गाडी धुवायची. डांबराचे ठिपके टार रिमूव्हरने काढायचे. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण क्लिअर कोटमध्ये रुतलेले असतात, ते भरपूर ओलावा ठेवून क्ले बारने (मातीसारख्या मऊ, चिकट वडीने) ओढून काढायचे. एखादा कण राहिलाच, तर रॅपच्या पातळ फिल्मखाली तो पुटकुळीसारखा दिसतो. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग म्हणजे क्षार. ते अल्कोहोलने जात नाहीत, त्यांना सौम्य आम्ल लागतं.

सगळ्यात शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. इथे नुसतं पुसून सोडून चालत नाही. अल्कोहोल वॅक्स-तेलाचा पातळ थर सैल करतं, पण स्वतः झटकन उडून जातं आणि वॅक्स जागच्या जागी, उलट जास्त पसरून, उरतं. म्हणून एका मायक्रोफायबर कापडाने ते लावायचं आणि उडून जाण्याआधीच दुसऱ्या कोरड्या कापडाने उचलून घ्यायचं. कापडाची घडी सतत बदलत राहायची.

अल्कोहोल छान पसरलं म्हणजे पृष्ठभाग साफ झाला, असं धरू नका. त्याचा पृष्ठताण 22च्या आसपास असल्यामुळे ते वॅक्सवरही पसरतं. खरी चाचणी ते उडून गेल्यावर, साध्या पाण्याने करायची. स्वच्छ क्लिअर कोटवरही पाणी काचेवर पसरतं तितकं पसरत नाही, पण थेंब बुटका आणि पसरट होतो. कुठे तो पुन्हा उभा राहिला, तर तेवढा भाग परत पुसायचा. दारांच्या कडा, बॉनेटची आत वळलेली किनार आणि आरशांचा तळ विशेष तपासायचा. तिथे फिल्म ताणून वळवलेली असते आणि आक्रसण्याचा तिचा जोर सर्वांत आधी कडेवर येतो. चाचणीनंतर रबर पट्ट्या आणि लोगोच्या फटींत पाणी दडून राहतं. ते वाऱ्याच्या झोताने बाहेर काढून गाडी पूर्ण कोरडी झाल्यावरच फिल्म उलगडायची.